सकाळची थरथर

तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या हातातल्या दिव्यामुळे. गॅरेजच्या दारात एका टेम्पोचं बॉनेट उघडं होतं, मिस्त्री कमरेपर्यंत आत वाकले होते आणि शेजारी ती उभी होती, जाळीतला बल्ब हातात धरून. दिवा धरायला काय, कुणीही चालतं, असं वाटतं. पण जरा वेळ थांबून पाहिलं की कळायचं, मिस्त्रींचा हात जिथे जाणार तिथे उजेड आधीच पोचलेला असायचा. ते ‘इकडे धर’ म्हणत नव्हते आणि ती ‘कुठे?’ विचारत नव्हती. वर्गात अशी एखादी मुलगी असते. कधी हात वर करत नाही, पण फळ्यावरच्या गणिताची पुढची पायरी तिच्या चेहऱ्यावर आधी उमटते. बावीस वर्षं तिने तो दिवा धरला.

मिस्त्री हे सगळ्यांचे नुसतेच मिस्त्री. ती मात्र सगळ्यांची वहिनी होती. हिशेबाची वही, चहा, सामान आणायला जाणं, गिऱ्हाइकाला ‘आज नाही, परवा या’ असं सांगून हसत परत पाठवणं, ही तिची कामं. मिस्त्रींना ‘नाही’ म्हणता येत नसे, म्हणून ते खातं तिच्याकडे.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. दोन गाड्या कशाबशा मावायच्या. वर त्यांच्या दोन खोल्या. शेडची मागची भिंत बेकरीच्या भट्टीला लागून होती. थंडीत गल्लीतली कुत्री त्या भिंतीला पाठ लावून झोपत, आणि पहाटे पाव भाजले जायला लागले की सगळ्या शेडमध्ये खमंग वास सुटे. गाडी दुरुस्तीला टाकून गेलेले लोक दोन दिवस आपल्या गाडीला पावाचा वास येतो म्हणून तक्रार करत. मिस्त्री म्हणत, “त्याचे वेगळे पैसे लावत नाही.”

मग एका सकाळी दाढी करता करता मिस्त्रींच्या हातून वस्तरा पडला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. राहिले ते पाच-सहा शब्द. हो, नाही, चहा, थांब. आणि तिचं नाव. इतक्या वर्षांत त्यांनी तिला चारचौघांत कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यावरच संसार झाला होता. आता ते शब्द सापडेनात म्हणून ते भर गॅरेजात, गिऱ्हाइकांच्या देखत, तिचं नाव घेऊन हाक मारायचे आणि ती या वयात कानापर्यंत लाल व्हायची.

सकाळी दहाला ती त्यांना धरून खाली आणी आणि दाराशी खुर्चीत बसवी. जाणारे-येणारे “काय मिस्त्री?” म्हणत. मिस्त्री डावा हात वर करत. दिवसातून पन्नास वेळा तरी तो हात वर जात असेल.

काम मात्र रोडावलं होतं. ऑइल बदलणं, ब्रेक आवळणं, फिल्टर साफ करणं हे ती करत होतीच आणि लोक त्यासाठी येतही होते. पण ‘गाडीला काय झालंय ते बघा’ असं म्हणणारं कुणी येईना. लोक वाईट नव्हते. ते गाडी दाराशी उभी करत, खुर्चीकडे बघत, “मिस्त्री कधीपर्यंत उठतील?” असं हळूच विचारत आणि “मग तोवर चालवतो तशीच” म्हणून निघून जात. कुणी ‘तुला जमणार नाही’ असं तोंडावर म्हणालं असतं तर तिने उत्तर तरी दिलं असतं.

नववा महिना लागला तेव्हा धाकटा दीर फरशीवाल्याला घेऊन आला. दीर मनाने चांगला. दर रविवारी फळं आणणारा, भावाची नखं स्वतः कापणारा. त्याने फरशीवाल्याला शेड दाखवली, टेपने लांबी-रुंदी मोजून दिली आणि त्याला वाटेला लावून मग तिच्याशी बोलला.

“वहिनी, तुम्ही एकट्या किती ओढणार? शेड त्याला देऊन टाकू. घरबसल्या भाडं येईल. तुम्हीही सुटाल.”

“आणि हे? हे कुठे बसतील?”

“वर बसतील की. खिडकीत. उजेड आहे, वारा आहे.”

तिने वर बघितलं. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. दुसरं काही नाही. टाकी काही “काय मिस्त्री?” म्हणत नाही.

तिचं मन सांगत होतं की खुर्ची खाली आहे तोवर हा माणूस मिस्त्री आहे, वर गेला की पेशंट होईल. पण नुसत्या मनावर शेड चालत नाही हे तिलाही कळत होतं. बावीस वर्षांत तिने एकही बिघाड एकटीने शोधला नव्हता. शोधता येतो का, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

“शनिवारपर्यंत थांबाल, भाऊजी?” ती म्हणाली.

“शनिवारी काय आहे?”

“रोपवाल्या अण्णांची गाडी आलीय.”

अण्णांची गाडी त्याच दिवशी, सोमवारी सकाळी आली होती. गावाबाहेर नदीच्या वळणावर अण्णांची रोपवाटिका होती. फुलझाडांची, भाज्यांची रोपं ट्रेमध्ये भरून रोज सहाला ते बाजारात नेत. त्यासाठी ही एकोणीस वर्षांची पिकअप गाडी. एके काळी निळी होती म्हणे. अण्णा सत्तरीला आलेले आणि घरात त्यांची थोरली बहीण, जिला अण्णांपासून कुरियरवाल्यापर्यंत सगळे ताई म्हणत.

अण्णा आले ते सरळ खुर्चीपाशी गेले आणि मिस्त्रींच्या कानाशी वाकून ओरडले, “मिस्त्री! गाडी! सकाळी! थरथरते!”

“अण्णा, कान शाबूत आहेत त्यांचे,” ती आतून म्हणाली.

“हो का? बरं बरं.” अण्णा ओशाळले आणि नेहमीच्या आवाजात सांगायला लागले. “वहिनी, सकाळी चालू केली की अशी हलते, जशी अंगात हीव भरलंय. मागून पांढरा धूर. पाच मिनिटं तमाशा. मग एकदम शहाणी, दिवसभर ब्र काढत नाही. दोन ठिकाणी दाखवली. एकाने बॅटरी बदलली. दुसऱ्याने हीटर प्लग बदलले, चारच्या चार. थरथर आहे तिथेच आहे. तिसरीकडे जायची माझी हिंमत नाही. तिथे गाडी विका म्हणतील.”

डिझेलच्या गाडीला थंडीत पेटायला आतून जरा ऊब लागते. ती देतात हे हीटर प्लग. चार सिलिंडर, चार प्लग. चालू करण्याआधी ते आत लाल होतात, तेवढ्यात इंजिन धरतं आणि मग त्यांचं काम संपतं. अण्णांची गाडी तीन मैल चालून आली होती, त्यामुळे ती दारात उभी राहून मांजरासारखी गुरगुरत होती. तिला काही झालंय यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

“आत्ता बघून उपयोग नाही, अण्णा. ही हिची दुपार झाली. मला हिची सकाळ बघायची आहे.”

त्या रात्री गाडी गॅरेजातच ठेवली. अण्णांनी एका दिवसापुरती शेजाऱ्याची गाडी मागून घेतली. मंगळवारी पहाटे पाचला ती खाली उतरली आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा शहारली आणि छान चालू झाली. क्षणभर तिला काही उमजेना. मग तिने मागच्या भिंतीला हात लावला. भट्टीच्या उबेला रात्रभर झोपलेली गाडी सकाळी कशाला कुरकुरेल? अण्णांच्या नदीकाठी थंडी हाडात शिरते. आजार तिथला होता, तर बघायलाही तिथेच जायला हवं होतं. तिने गाडी अण्णांकडे परत पाठवली.

मिस्त्रींची एक परीक्षा तिने शेकडो वेळा पाहिली होती. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या असतात, एकेका सिलिंडरची एकेक. गार इंजिन चालू करायचं, वीस आकडे मोजायचे आणि बोट ओलं करून चारही नळ्यांना लावायचं. जे सिलिंडर पेटतंय त्याची नळी कोमट होते. जे नुसतंच रांगेत उभं आहे त्याची गार राहते. सोपी परीक्षा, पण दिवसातून एकदाच घेता येते. इंजिन एकदा तापलं की चारही नळ्या सारख्याच गरम आणि कामचुकार कोण ते ओळखू येत नाही. मग पुन्हा एक रात्र जावी लागते.

बुधवारी पहाटे ती स्कूटरवरून नदीकाठी पोचली तेव्हा बोटं गारठून लाकूड झाली होती. फाटकातच ताई उभ्या होत्या, शाल पांघरलेल्या, केस चापून बसवलेले.

“ये पोरी. एवढ्या थंडीत तुला यावं लागलं. आधी चहा घे.”

“आधी गाडी बघते, ताई. गार आहे तोवर.”

“गार आहे हो, अगदी गार आहे,” अण्णा घाईघाईने म्हणाले.

गाडी धुतलेली होती. बॉनेटवरून पाणी निथळत होतं आणि पत्रा बर्फासारखा लागत होता. दिव्यांच्या काचासुद्धा पुसलेल्या. तिने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि शांत गुरगुरत राहिली. ना थरथर, ना धूर. वीस आकडे मोजून तिने चारही नळ्यांना बोट लावलं. चारही गरम.

“आज काय झालं कुणास ठाऊक,” अण्णा म्हणाले.

“आज शहाण्यासारखी वागली,” ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नकळत जरा अभिमान होता.

गुरुवारी तेच. धुतलेली गाडी, गार पत्रा, शांत इंजिन, चार गरम नळ्या. परत येताना स्कूटरवर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने येत असेल. पण तिच्या मनाने घेतलं की दोष गाडीत नाही, आपल्या हातात आहे. मिस्त्री असते तर गाडी अशी लपून बसली नसती. तिला वाटलं, गाड्यांनासुद्धा कळतं, समोर कोण उभं आहे ते.

दुपारी गॅरेजात कुणी नव्हतं. तिने खुर्चीपाशी स्टूल ओढलं आणि चहाचा कप मिस्त्रींच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला, तिचा उजवा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं उजेडाकडे वळवली. पहिल्या दोन बोटांची टोकं लाल होती, एकावर बारीक फोड आला होता. त्यांनी तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली. एकदा, दोनदा. तोंडाची उजवी बाजू साथ देत नव्हती, त्यामुळे फुंकर वाकडी जात होती, म्हणून त्यांनी मान वळवून ती सरळ केली.

आणि तिच्या डोक्यात काहीतरी खट्कन जागेवर बसलं.

गार इंजिनाची नळी वीस आकड्यांत कोमट होते. चटका बसत नाही.

“अहो,” ती म्हणाली, “ती गाडी गार नव्हतीच.”

“थांब,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्याकडचे शब्द मोजकेच, पण तिला वाटलं, निघाला तो बरोबर तोच होता.

शुक्रवारी ती तासभर आधी निघाली. वळणावर स्कूटर बंद केली आणि ढकलत फाटकापर्यंत नेली. आत दिवा लागलेला होता. आणि तिला पहिल्यांदा ती थरथर ऐकू आली. खडखडखड, मध्येच एक ठोका गाळलेला, परत खडखड. एखादं माणूस एका पायात चप्पल नसताना जिना उतरतंय तशी. पांढरा धूर रोपांच्या शेडवर पसरला होता. गाडीत अण्णा मफलर गुंडाळून बसले होते आणि ताई बादली घेऊन समोर.

“अजून थांबेना का रे ती?”

“थांबतेय, थांबतेय. दोन मिनिटं अजून.”

“ती पोरगी येईल आता. किती ती हलतेय बाई! परक्या माणसासमोर शोभतं का? आणि हा धूर. बिचारी एवढ्या लांबून येते आणि तिच्या तोंडावर आपण हा धूर सोडायचा?”

“झाली बघ. झाली शांत.”

“बंद कर मग. सर बाजूला, पाणी ओतू दे. गार हवी म्हणते ना ती, चांगली दोन बादल्या ओतते. आणि तो आरसा पूस. काल तुझ्या बोटांचे ठसे होते त्यावर.”

वहिनी फाटकाला धरून उभी होती. रागवावं की हसावं हे तिला ठरवता येईना. दोन दिवस तिच्या जिवाला घोर लावला होता तो या दोन बादल्यांनी. शेवटी तिला हसूच आलं आणि ते ताईंनी ऐकलं.

“कोण आहे?”

“मीच, ताई. जरा लवकर आले.”

ताईंच्या हातातली बादली तिथेच राहिली. अण्णा आरशात बघत बसले, जणू फाटक त्यांच्या मागे नव्हतंच.

“ताई,” ती जवळ येऊन म्हणाली, “डॉक्टरकडे जाताना कुणी ताप उतरवून जातं का?”

“ताप नसेल उतरवत,” ताई मान ताठ करून म्हणाल्या, “पण मी आजवर दवाखान्यात केस विंचरल्याशिवाय गेलेली नाही.”

“मी म्हटलं होतं हिला,” अण्णा खाली उतरत पुटपुटले.

“काय म्हटलं होतंस? तूच म्हणालास, गार पाण्याने धुतली की होते गार!”

“रोपं होतात की,” अण्णा म्हणाले. “दुपारी माना टाकतात, पाणी मारलं की गार होतात.”

“अण्णा, गाडी वरून गार होते. आत तास न् तास गरम असते.” तिने अण्णांचा हात धरून बॉनेटखाली इंजिनाच्या अंगाला नेला. अण्णांनी हात चटकन मागे घेतला.

त्या दिवशी पुढे काही करता येण्यासारखं नव्हतं. तिने चहा घेतला. ताईंनी तिच्या हातात कप देताना विचारलं, “रागावलीस का गं?” तेव्हा तिने सांगितलं. शेडचं, फरशीवाल्याचं, शनिवारी दहा वाजताचं. खुर्चीचंही. बोलायचं ठरवून बोलली नाही, चहाच्या वाफेबरोबर निघून गेलं.

“म्हणजे आमच्या टापटिपीपायी तुझे तीन दिवस गेले.”

“एक उरलाय.”

“उद्या मी त्या गाडीकडे बघणारसुद्धा नाही,” ताई म्हणाल्या. “पण धूर तोंडावर आला तर मला बोल लावायचा नाही.”

शनिवारी गाडीवर दव साचलं होतं. चाकापासून टपापर्यंत, कुणी बोट न लावलेलं. ताई दारात उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात शालीत घट्ट बांधलेले होते, जणू मोकळे सोडले तर ते जाऊन गाडी पुसतील.

“रात्री फार थंडी होती,” त्या म्हणाल्या. “एक पांघरूण घालावंसं वाटलं होतं. नाही घातलं.”

तिने बॉनेट उघडून दिवा आत टांगला. इंजिनाला तळहात लावला. दगड. अण्णांना किल्ली फिरवायला सांगितली. इंजिनाने दोनदा कण्हून धरलं आणि गाडी अंगभर हलायला लागली. मागच्या भागातले रिकामे ट्रे एकमेकांवर आपटले, पांढऱ्या धुराचा लोट आला, ताई खोकल्या आणि खोकता खोकता म्हणाल्या, “बघ, बघ आता, ही खरी!”

तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अठरा, एकोणीस. वीस. बोट ओलं केलं. पहिली नळी कोमट. दुसरी कोमट. तिसरी कोमट. चौथी गार. रात्रभर अंगणात ठेवलेल्या तांब्यासारखी गार. तिने खात्री करायला पूर्ण बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

“बंद करा, अण्णा.”

आता पुढचं. चौथ्या सिलिंडरचा प्लग जळाला असेल म्हणावं तर तो नवा होता. तो पट्टीपासून सोडवून, बॅटरीला वायर जोडलेल्या छोट्या बल्बने तिने तपासला. बल्ब लागला, म्हणजे प्लग चांगला. इथेच तो दुसरा गॅरेजवाला थांबला असणार. तीही थांबली. तिला डावीकडे वळून विचारायची सवय होती आणि डावीकडे कुणी नव्हतं. बावीस वर्षं जो माणूस शेजारी असतो त्याने अशा वेळी काय केलं असतं, हे तिने आठवून पाहिलं. मिस्त्रींनी काहीच केलं नसतं. त्यांनी हात पुसले असते आणि इंजिनाकडे नुसतं बघत राहिले असते.

तिने हात पुसले आणि बघत राहिली.

चारही प्लगना जोडणारी ही पट्टी पत्र्याची असते, बोटभर रुंद. एका टोकाला वीज येते आणि पट्टीवरून ती एकेका प्लगपर्यंत जाते. प्लग चांगला आहे. पण त्याला कुणी काही देतंय का?

“अण्णा, किल्ली अर्धीच फिरवा. चालू करू नका.”

बल्बचं टोक तिने पट्टीवर पहिल्या प्लगपाशी ठेवलं. लागला. दुसऱ्यापाशी लागला. तिसऱ्यापाशी लागला. चौथ्यापाशी ठेवलं. अंधार. उचलून परत ठेवलं. अंधारच.

पट्टी काढली तेव्हा ती अख्खीच वाटत होती. काळ्या तेलकट थराखाली तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये केसाएवढी चीर होती, आणि ती चीर नखालाच लागली, डोळ्याला नाही. कधीतरी कुणीतरी नट जरा जास्तच जोर लावून आवळला असेल.

“एवढंसं?” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. एवढ्या मोठ्या गाडीला एवढ्याशाने आजारी पडावं हे त्यांना पटत नव्हतं.

तिने पट्टी खिशात टाकली, जाड तारेने चारही प्लगना जोडणी करून दिली, किल्ली अर्धी फिरवून दहा आकडे थांबायला लावलं आणि मग चालू करायला सांगितलं. गाडी सुरू झाली. ट्रे हलले नाहीत.

ताई दोन पावलं पुढे आल्या. “सुटली का गं?”

“आत्ता जरा ऊब आहे आत. खरं उद्या सकाळी कळेल, ताई. नवी पट्टी दुपारी बसवते.”

“उद्या कळेल ते उद्या,” ताई म्हणाल्या. “तू जा. दहा वाजायला आले की तिकडे.” अजून सातसुद्धा झाले नव्हते.

ती गॅरेजवर पोचली, मिस्त्रींना आंघोळ घातली, खाली आणून खुर्चीत बसवलं. मग खिशातली पट्टी काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. मिस्त्रींचा अंगठा पट्टीवरून सरकत गेला. एका टोकापासून निघाला, पहिलं भोक, दुसरं, तिसरं, आणि पुढे एका जागी थांबला. मागे आला. परत तिथेच थांबला. त्यांनी मान वर केली.

तेवढ्यात दीर आणि फरशीवाला आले. फरशीवाल्याच्या हातात या वेळी स्वतःचा टेप होता.

मिस्त्रींनी तिच्या नावाने हाक मारली. मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल अशी. फरशीवाला दचकला. ती लाजली, पण या खेपेला तिने मान खाली घातली नाही.

“भाऊजी, शेड द्यायची नाही.”

“वहिनी, अहो, एक गाडी झाली म्हणून काय...”

“एकच झाली. पण तिचा बिघाड मी शोधला. दोन ठिकाणी सापडला नव्हता.” तिने पट्टी दिराच्या हातात दिली. “कुठे गेलीय सांगा बघू.”

दिराने पट्टी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. “चांगली तर आहे.”

“नाही,” मिस्त्री म्हणाले आणि हसले. डावीकडूनच हसले, पण पोट धरून हसल्यासारखे.

दीर त्या हसण्याकडे बघत राहिला. नऊ महिन्यांत त्याने ते पाहिलं नव्हतं. मग त्याने पट्टी परत दिली आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं.

फरशीवाल्याने टेप हळूच खिशात घातला आणि खाकरला. “बाई, आमचा टेम्पोसुद्धा सकाळी सकाळी असाच करतो हो. पेटता पेटत नाही.”

“तुम्ही शेड बघायला आलात की टेम्पो दाखवायला?” दीर म्हणाला.

“आता शेड नाही म्हणताय तर...”

“रात्री कुठे उभा असतो टेम्पो?” तिने विचारलं. “सोमवारी साडेपाचला येते. मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. धुवायचा नाही, पुसायचा नाही. घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.”

रविवारी अण्णा आले ते अबोलीच्या रोपांचा एक ट्रे घेऊन. खुर्चीपाशी जाऊन, सवयीने ओरडून, मग आठवण होऊन आवाज उतरवत त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, “सकाळी दव पडलेलं होतं, तशीच चालू केली. ताई आतून विचारते, अरे, चालू करतोयस ना? म्हटलं, चालूच आहे!”

याला आता दोन वर्षं होतील. मिस्त्रींचे शब्द वाढलेत. चाळीसच्या वर आहेत असं तिचं म्हणणं आहे, आणि त्यातले निम्मे गाडीच्या भागांचे आहेत. पट्टी शोधून दिली तेव्हापासून तिच्याकडे अशा गाड्या येतात ज्या दिवसा शहाण्या असतात. त्या गाड्या ती गॅरेजात ठेवून घेत नाही. आठवड्यातले चार दिवस पहाटे ती लोकांच्या दारात जाते, आणि गॅरेज दहाला उघडतं. मंगळवारी ते बंद असतं, कारण त्या दिवशी ती मिस्त्रींना व्यायामाला घेऊन जाते.